साखर काठावर आली आहे, काढा घ्यावा की गोळी?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ४३ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. त्या पतसंस्थेत काउंटरवर नोकरी करतात. तिथे झालेल्या आरोग्य तपासणीत त्यांची उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, ही मधुमेहाच्या आधीची पायरी आहे. तीन महिने खाणं आणि चालणं सांभाळा, मग गोळीचं बघू. त्यांच्या आईला बरीच वर्षं मधुमेह होता आणि शेवटी पायाचं बोट काढावं लागलं होतं. त्यामुळे ताईंनी धसका घेतला आहे. ‘मी बारीक आहे, वजन ५४ किलो. गोड खात नाही, चहासुद्धा गुळाचा घेते. मग मलाच का? आणि शरीराने आधी काही सांगितलं कसं नाही?’ असं त्या विचारतात. यजमानांच्या मते ॲलोपॅथीची गोळी एकदा मागे लागली की जन्मभर सुटत नाही, आयुर्वेदाला मात्र साइड इफेक्ट नसतात. जिल्ह्याच्या गावी एक केंद्र ‘मधुमेह मुळापासून घालवतो’ म्हणून तीन महिन्यांचं पॅकेज देतं: पंचकर्म, काढा आणि नाव न छापलेल्या दोन पुड्या. सासूबाई रोज सकाळी कारल्याचा रस हातात देतात. रात्री तळपायांची आग होते आणि पाळीत अंगावरून जास्त जातं, हेही त्यांनी ओझरतं लिहिलं आहे. त्यांचा प्रश्न आहे: काढा घेऊ की गोळी?

ताई,

तुमच्या पत्रात भीती आईच्या पायाची आहे आणि रिपोर्ट तुमचा आहे. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४, या पट्ट्यात तुम्ही आहात. मधुमेह म्हणायला उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ लागतं आणि लक्षणं नसतील तर तेही दुसऱ्यांदा तपासून खात्री करावी लागते. म्हणजे आज तुम्हाला मधुमेह नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि तुमच्यासारखे काठावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख. आईचा मधुमेह कळला तेव्हा तो किती जुना होता कोण जाणे. तुमचा तर अजून सुरूही झालेला नाही. तुमच्या हातात जे आहे ते त्यांच्या हातात नव्हतं.

आता मूळ प्रश्न. काढा की गोळी, असं तुम्ही विचारता तेव्हा ‘काहीतरी घ्यायचं आहे’ हे तुम्ही धरूनच चालला आहात. मी स्वतः वैद्य आहे, औषधं देते, आणि तरीही सांगते की या टप्प्यावर आयुर्वेदाचं सगळ्यात मोठं देणं औषध हे नाही. सुश्रुतसंहितेत चिकित्सेचं सार एका ओळीत दिलं आहे: ‘संक्षेपतः क्रियायोगो निदानपरिवर्जनम्’. थोडक्यात उपचार म्हणजे कारण सोडणं. ज्याने रोग होतो ते चालू ठेवून वरून कितीही कडू प्यालात तरी ती चिकित्सा होत नाही. लोक मात्र नेमकं हेच वगळतात. काढ्याची बाटली आणली जाते आणि दिवस होता तसाच राहतो.

प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाची, कारणं कोणती, तेही चरकांनी इतकं स्पष्ट लिहून ठेवलं आहे की तो श्लोक पूर्ण देते:

आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि ग्राम्यौदकानूपरसाः पयांसि।
नवान्नपानं गुडवैकृतं च प्रमेहहेतुः कफकृच्च सर्वम्॥

बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, पाळीव आणि पाण्यातल्या-पाणथळीतल्या प्राण्यांचं मांस, दूध, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ. यादीत पहिलं नाव बसण्याचं आहे, गोडाचं शेवटी येतं. आणि गोडात नाव घेतलंय ते गुळाचं. तुमच्या पत्रातला दिवस याच्या शेजारी ठेवा. सकाळी पोहे आणि गुळाचा चहा. मग साडेदहा ते साडेपाच काउंटर, मध्ये डबा, त्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची भाजी. परत गुळाचा चहा, बिस्किटं. रात्री साडेनवाला दहीभात, मग मालिका, झोपायला साडेअकरा. रविवारी दुपारी दोन तास झोप. यात मिठाई कुठेच नाही, तरी श्लोकातली निम्मी यादी आहे.

गूळ साखरेपेक्षा बरा, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर तो जवळजवळ तेवढीच वाढवतो. दिवसाचे चार चहा गुळाचे असतील तर ‘मी गोड खात नाही’ हे वाक्य खरं उरत नाही. मधाचंही तेच. ग्रंथांत प्रमेहासाठी मध सांगितला आहे, पण औषधाबरोबर, अगदी थोडा. त्यावरून सकाळी ग्लासभर पाण्यात दोन चमचे मध घ्यायला निघू नका.

‘मी बारीक आहे, मला का’ याचं उत्तर दोन ठिकाणी आहे आणि मला ते दोन्ही फार महत्त्वाचे वाटतात. एक, सुश्रुतांनी प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: जन्मतः आलेला आणि अपथ्याने ओढवून घेतलेला. पहिल्या प्रकारचा रोगी बारीक असतो, दुसऱ्याचा जाड, असंही लिहिलं. चरकांनी आईवडिलांकडून येणाऱ्या बीजदोषाचा उल्लेख केला आहे. दुसरं उत्तर पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने हलकी, पण अंगात चरबीचा वाटा जास्त, असं त्यात दिसलं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखं, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याला फसवतो तो असा. म्हणून शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. तुम्ही ‘वजन तेच आहे पण सलवारची नाडी पुरत नाही’ असं लिहिलं आहे, त्यावरून तुमचं माप याच्या पुढे गेलं असावं असं मला वाटतं.

शरीराने आधी सांगितलं नाही, असं तुम्ही म्हणता. सांगितलं होतं बहुतेक. तुम्हीच लिहिलंय की मानेवर मागे काळपट, जाडसर पट्टा आला आहे आणि पार्लरमधली मुलगी ब्लीच करून देते म्हणाली. मळ समजून घासली जाणारी ती त्वचा पुष्कळदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. मानेवर, काखेत बारीक मोस येणं हेही त्यातलंच. ती घासून जात नाही, ब्लीचनेही जात नाही. आतलं सुधारलं की हळूहळू फिकी होते. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वरूपं सांगताना अंगावर मळ साठणं, तोंडाला गोडी, टाळू आणि घसा कोरडा पडणं, आळस, सारखी सुस्ती, हातापायांना बधिरपणा आणि आग, केसांच्या जटा होणं, लघवीला मुंग्या लागणं, अशी यादी आहे. वाचकांनी ती माहीत करून घ्यावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. जेवणानंतरची सुस्ती मे महिन्यात कुणालाही येते. आणि मुंग्यांची वाट बघत बसणं तर धोक्याचंच. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. म्हणजे मुंग्या दिसतील तेव्हा काठ केव्हाच ओलांडलेला असेल. ग्रंथकारांकडे रक्ततपासणी नव्हती, आपल्याकडे आहे. ती करून घेणं आयुर्वेदाशी प्रतारणा नव्हे.

तुमच्या तळपायांच्या आगीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. ती साखरेमुळेच, असं धरू नका. तुम्ही शाकाहारी आहात, तेव्हा बी-१२ कमी असण्याची शक्यता तितकीच मोठी आहे आणि त्यानेही अशीच आग होते, मुंग्या येतात. पाळीत जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनही बघायला हवं. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. तुमची उपाशीपोटीची साखरही वाढलेली आहे, त्यामुळे सगळा दोष रक्ताच्या कमतरतेवर ढकलता येणार नाही, पण ६.१ हा आकडा कितपत खरा हे कळेल. तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड या तपासण्या आधी करून घ्या. शंका राहिलीच तर ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघण्याची तपासणी डॉक्टरांना विचारा.

आता ते पॅकेज. त्यात तीन महिन्यांत वमन-विरेचन (औषधाने उलट्या आणि जुलाब करवणं) आणि कडक लंघन, म्हणजे उपास, आहे असं तुम्ही लिहिता. याला माझा विरोध आहे आणि तो शास्त्राच्याच आधारावर आहे. चरकांनी प्रमेही दोन प्रकारचे सांगितले: एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. ज्याच्यात दोष आणि बळ दोन्ही भरपूर आहेत त्याला शोधन, म्हणजे असं वमन-विरेचन. कृशाला बृंहण, म्हणजे पोषण. रक्त कमी असण्याची शंका असलेल्या, बारीक बाईला जुलाब देऊन उपाशी ठेवायचं, हे कोणत्या आयुर्वेदात बसतं? सगळ्यांना एकच पॅकेज देणारा माणूस रोगी बघत नाहीये, एवढं नक्की.

दुसरं, ‘मधुमेह मुळापासून घालवतो’ ही जाहिरातच बेकायदा आहे. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टात ज्या रोगांवर बरं करण्याची जाहिरात करता येत नाही त्यांची नावं आहेत, त्यात मधुमेह आहे. आणि नाव नसलेली पुडी तर कुणीही, कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या साखरेच्या औषधांत ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातलेल्या वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत सापडल्या आहेत, काहींत शिसं आणि पारा घातक प्रमाणात मिळाला आहे. अशा पुडीने साखर झरझर उतरते, घरचे खूश होतात आणि एक दिवस माणूस घाम सुटून खाली बसतो. औषधाचं नाव, घटक, परवाना क्रमांक, तयार केल्याची तारीख, एवढं बाटलीवर छापलेलं असायलाच हवं. वैद्य स्वतः औषध करून देत असेल तर त्याने चिठ्ठीवर नाव लिहून द्यावं. जो वैद्य नाव सांगायला तयार नाही त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

साइड इफेक्ट नसतात, हे यजमानांचं म्हणणं मला त्याचसाठी मान्य नाही. ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. कारल्याचा रस उपाशीपोटी ग्लासभर घेतला की पुष्कळांना पोटात कळ येते, जुलाब होतात. गुळवेलीसारख्या घरोघरी पोचलेल्या वेलीबद्दलही २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांच्या यकृताला त्रास झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, दुसरीच सारखी दिसणारी वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. वाद काहीही असो, कुंपणावरून ओळख न पटवता वेल तोडून रोज काढा करू नये, हे दोन्ही बाजूंनी निघतं.

मग औषध घ्यायचंच नाही का? घ्या, पण दुय्यम म्हणून आणि ओळखीचं. वाग्भटांनी प्रमेहात आवळा आणि हळद यांची जोडी श्रेष्ठ सांगितली आहे. मीही सुरुवात बहुधा तिथूनच करते. विजयसार, म्हणजे आपला बिबळा, याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी उन्हात धरलं तर त्यावर निळसर झाक दिसते. त्यावर आयसीएमआरने नव्यानेच मधुमेह झालेल्यांवर अभ्यास केला होता, तो १९९८ मध्ये छापला. ९७ पैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. पण त्यात तुलनेला औषध न दिलेला गट नव्हता आणि वापरला होता तो मोजून दिलेला अर्क, पेल्यातलं पाणी नव्हे. म्हणून मी त्याला आशादायक म्हणेन, सिद्ध म्हणणार नाही. गुडमारची पानं चावून वर साखर खाल्ली तर काही वेळ तिची चव मातीसारखी लागते. गोडाची ओढ असलेल्यांना त्याचा उपयोग होतो. मेथ्या भिजवून खायला हरकत नाही. यातलं एकेक, तुमच्या प्रकृतीप्रमाणे, वैद्याला रिपोर्ट दाखवून घ्या. सगळं मिसळून केलेलं बारा घटकांचं चूर्ण नको; त्रास झाला तर कशाने झाला तेच कळत नाही. सासूबाईंना सांगा, रस नको, आठवड्यातून दोनदा कारल्याची भाजी करा, आवडीने खाईन. त्यांची काळजी खरी आहे, ती नाकारल्यासारखं होऊ देऊ नका.

या तीन महिन्यांत करायचं काम असं. गुळाचा चहा दोनवर आणा आणि त्यातला गूळ दर आठवड्याला कमी करत बंद करा. नाश्त्याच्या पोह्यांत पोहे निम्मे करा, मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी घाला. नाहीतर मुगाचं धिरडं. डब्यात एक पोळी कमी आणि उसळ, पालेभाजी, कोशिंबीर जास्त. बटाटा पोळीबरोबर भाजी म्हणून मोजू नका. ‘यवप्रधानस्तु भवेत् प्रमेही’, प्रमेहीने जव मुख्य खावेत, असं चरक सांगतात. जवाचं पीठ ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा मिसळून भाकरी चांगली होते. फक्त बाजारात सातूचं पीठ म्हणून मिळतं त्यात बऱ्याचदा गहू आणि डाळं असतं, तेव्हा जव आणून दळून घ्या. रात्रीचं जेवण आठच्या आत, दही बंद, दुपारी पातळ ताक चालेल. चतुर्थीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी हा तुमच्या महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस ठरू शकतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. राजगिऱ्याची भाकरी आणि ताक, शेंगदाण्याची आमटी, थोडी फळं, एवढ्यावर उपास होतो. वजन मात्र कमी करायला जाऊ नका. तुम्हाला कंबर कमी करायची आहे आणि स्नायू वाढवायचे आहेत.

त्यासाठी चालणं. सुश्रुतांनी ज्याच्याकडे पैसा नाही, आप्त नाहीत, त्या प्रमेहीला शंभर योजनं किंवा जास्त चालायला सांगितलं आहे, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र राहून. नाहीतर विहीर खणायला. एवढं तुम्हाला जमणार नाही, पण दिशा ती. जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते उचलतात, म्हणून तीनही खाण्यांनंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली, आणि दिवसातून एकदा अर्धा तास भराभर. काउंटरवर दर तासाला उठा, पाणी आणायच्या निमित्ताने का होईना. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठाबशा आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम. सुश्रुत चपलेशिवाय चालायला सांगतात, तेवढं मात्र पाळू नका. पायांची आग असताना अनवाणी चालणं नको, घरातही चप्पल घाला आणि रात्री तळपाय बघत चला.

याने होतं का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने काठावरच्या ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये छापला. तीन वर्षांत, काही विशेष न केलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम पाळणाऱ्यांपैकी ३९.३ टक्क्यांना, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ४०.५ टक्क्यांना. चालणं आणि गोळी जवळपास बरोबरीने उतरले. पण हेही बघा की सगळं पाळूनही काहींना झालाच. तुम्हाला उद्या झाला तर ‘माझंच चुकलं’ म्हणून स्वतःला कोसू नका. बीज तुम्ही निवडलेलं नाही.

आणि गोळीला इतकं घाबरू नका. मेटफॉर्मिनचा शोध युरोपातल्या एका वनस्पतीच्या अभ्यासातून लागला आहे, यजमानांना हे सांगा. तिने सुरुवातीला पोट बिघडू शकतं, बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून तपासत राहावं लागतं. साखर वाढते म्हणून गोळी चालू राहते. गोळीची सवय लागते म्हणून नव्हे. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६ च्या खाली आलं तर हेच चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी बघा. तेवढंच राहिलं तर डॉक्टरांशी पुन्हा बोला. ६.५ च्या वर गेलं, किंवा मधल्या काळात वजन आपोआप उतरलं, रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागलं, तहान भागेनाशी झाली, तर तीन महिने थांबू नका आणि त्या वेळी गोळी सांगितली तर घ्या. वैद्याला डॉक्टरांची गोळी आणि डॉक्टरांना वैद्याचं चूर्ण, दोन्ही सांगायचं. एकापासून लपवून दुसरं घ्यायचं नाही. दोन्ही मिळून साखर फार खाली जाऊ शकते.

एक राहिलं. तुम्हाला पुण्याला नोकरी करणारा एक भाऊ आहे, असं लिहिलंय. आई त्याचीही होती. त्याने कधी तपासणी केली आहे का, विचारा. त्यालाही कंबर मोजायला सांगा. आणि तुमची मुलगी सतरा वर्षांची आहे म्हणता, तिची मान एकदा उजेडात बघून घ्या.

तुमची वैद्य ताई